तेजकेतूची तहान

दत्ता नगरहून एसटीनं आला तेव्हा मी मिरजगावच्या स्टँडवर चहाच्या टपरीपुढं कंडक्टरची नक्कल करत होतो. पोरं हसत होती. दत्ता सरळ माझ्यापुढं येऊन म्हणाला, "नामा गेला रे." मला वाटलं, माझीच फिरकी घेतोय. मी लगेच नामाच्या आवाजात, त्याच्यासारखी मान तिरकी करून म्हणालो, "गेला? आन् भाडं कुनी दिलं त्याला?" दत्ता तिथंच खाली बसला. पोरांचं हसू जिथल्या तिथं विरलं... नागापूरला कारखान्यात लागून नामाला वर्षही झालं नव्हतं. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. वीस-एकवीस वर्षांचा माणूस गेला, आणि ती बातमी आल्यावर त्याचा आवाज पहिल्यांदा निघाला तो माझ्या तोंडून. हे मला अजून पचलेलं नाही.

आमची तिघांची दोस्ती शाळेतली, आणि ती जमली तेजकेतूमुळं. पंखवाल्या घोड्यावरून राक्षस मारत फिरणारा हा वीर तेव्हा आमच्याकडं लई जोरात होता. स्टँडवर त्याची पातळ पुस्तकं मिळायची. एकानं विकत घ्यायचं आणि अख्ख्या वर्गानं फाटेपर्यंत वाचायचं. नामा त्याचा भक्त. दत्ताही सगळी वाचायचा, पण नावं ठेवत. "घोडा आजीच्या गोष्टीतला, तलवार पोवाड्यातली, राक्षसाचा जीव पोपटात हे तर बारक्या पोरालाबी म्हाईत. मग ह्याचं सोताचं काय? फक्त नाव!" नामा चिडून लालबुंद व्हायचा. मी मधे पडायचो, "उचललेलं असलं म्हणून काय झालं? मला चहासुद्धा नकलांवर, उचललेल्या आवाजांवरच मिळतो की."

मग दुष्काळ पडला आणि आम्ही तिघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. दुपारच्या सुट्टीत बायामाणसं बाभळीखाली टेकायची आणि नामा मोठ्यानं पुस्तक वाचायचा. एकदा तेजकेतू सात दिवस वाळवंट तुडवत निघाला. नामाची आई, पारूमावशी, हातातला हातोडा बाजूला ठेवून म्हणाली, "सात दिस? आन् पानी कुटं प्याला?" नामानं पान उलटलं, परत मागं आला. पाणी कुठंच नव्हतं. "मग त्यो मानूस न्हाई, धोंडा हाय. फोडा त्यालाबी!" बाया खो खो हसल्या. नामाचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पुस्तकाशिवाय आला आणि मनानंच सांगायला लागला. तेजकेतूची जीभ टाळूला चिकटली, ओठ फुटले, एका गावात त्यानं दारोदार ओंजळ धरली आणि लोकांनी दारं लावून घेतली. बायांची चुळबूळ थांबली. दत्ता मात्र उसळला. "तेजकेतू हात पसरतो? बदनामी करतो व्हय रं त्याची? हा आपला तेजकेतूच न्हाई!" नामा शांतपणे म्हणाला, "घोडा उचलला आसंल, तलवार उचलली आसंल. ही तहान कुनाची उचलली, तेवडं सांग." दत्ता काहीतरी बोलणार होता, पण त्यानं नुसते ओठ चाटले. पाण्याचा टँकर अजून आला नव्हता.

तेव्हापासून तो तेजकेतू आमचा झाला. छापलेला कोणी मागेना. काम बंद झालं तेव्हा तो एका आडाशी पोचला होता. तळाला थोडं पाणी, पोहरा एकच भरून आलेला... आणि शेजारी घोडाही तहानलेला. नामानं तिथंच थांबवलं. "पुढचं नागापूरहून आल्यावर." बाया ओरडल्या, "मेल्या, पान्याजवळ नेऊन सोडलंस व्हय!"

परवा मी पारूमावशीकडं गेलो. शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या.  मावशी म्हणाली, "त्याचं ते सांगायचं ऱ्हायलंय. तू सांग." मला बरं वाटलं, हे तर मला येतं. मान तिरकी केली, घसा खाकरला आणि नामाच्या आवाजात "तर मंडळी..." म्हणालो. मावशीनं हात वर केला. "त्याचा आवाज ऱ्हाऊ दे. त्येजकेतूचं सांग."

 दुसऱ्याच्या आवाजाशिवाय मला कधी काही सांगताच आलेलं नाही. कसाबसा सुरू झालो, "तेजकेतूनं पोहरा तोंडाला लावला..."

"न्हाई," मावशी म्हणाली. "आदी घोड्याला पाजंल त्यो. उरलं तर आपुन पील."

"कशावरनं, मावशी?"

"कशावरनं म्हंजी? चारा छावनीत आपलं खोंड हुतं तवा नामाबी..." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला नको शिकवू. मी वळखते त्याला."

मी तेजकेतूच्या तोंडचा पोहरा खाली घेतला आणि घोड्याला पाणी पाजलं.