कुंपणापासून दहा फूट

कार्तिक सरत आला होता. दवाने ओलसर झालेल्या मातीवर चुन्याच्या फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषा मी कुंपणाच्या भिंतीवरून पाहिल्या, आणि ओल्या मातीचा व चुन्याचा तो मिसळलेला, किंचित उग्र गंध नाकाशी आला तेव्हा क्षणभर मला बरंच वाटलं. बांधकामांचे आराखडे काढण्याच्या सरकारी नोकरीत तीस वर्षं घालवलेल्या बाईला जमिनीवरच्या रेषा पाहून दुसरं काय वाटणार! मग डोळ्यांनी सवयीने अंतर मोजलं. शेजारच्या बागेतली ती पहिली रेषा आमच्या सामायिक भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर होती. तिथे दहा फूट मोकळे असायला हवे होते.

कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत तेव्हा अजून बंगलेच होते, आणि प्रत्येक बंगल्याभोवती जाई, जास्वंद, एखादा पारिजातक मावेल एवढी बाग. माझ्या बदलीच्या निमित्ताने मी आणि आई नागपूरहून पुण्यात आलो आणि इथेच रुजलो. आजोबांनी धम्मदीक्षा घेतलेलं आमचं घर. दर्शनी खोलीत बुद्धमूर्ती. मेश्राम हे आडनाव ऐकल्यावर गल्लीतली संभाषणं अत्यंत सौजन्याने पूर्ण होत, आणि तिथेच संपत. कुणी वावगं बोललं नाही. फक्त फाटक उघडून कुणी आत आलं नाही. पहिल्यांदा आल्या त्या शेजारच्या सुमनताई गोगटे, पदराआड कढीलिंबाचं रोप धरून. त्यानंतर दहा-बारा वर्षं त्या येत राहिल्या, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसून आईशी तिच्या गुडघ्यांविषयी आणि माझ्याशी झाडांविषयी बोलत राहिल्या. या शहरात माझं म्हणावं असं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी त्यांचंच नाव घेतलं असतं.

त्या रेषा त्यांच्या मुलासाठी होत्या. ते दिवसच तसे होते. सॉफ्टवेअर हा शब्द गल्लीतल्या ज्येष्ठांच्याही तोंडी सहज रुळला होता, आणि त्यांचा निखिल अमेरिकेतली नोकरी सोडून, तिथलंच काम सोबत घेऊन परतला होता. सहा सोबती, आठ संगणक आणि सगळा पसारा गोगट्यांच्या दिवाणखान्यात. त्यांना जागा हवी होती, आणि बागेत ती होती.

मी भिंतीपाशी जाऊन सुमनताईंच्या यजमानांना, गोगट्यांना, अंतराविषयी सांगितलं. बागेत लहानशी खोली बांधता येते, पण तिची लांबी-रुंदी, उंची ठरलेली असते, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"मेश्रामबाई, निवृत्तीनंतर तरी टेप खाली ठेवा की," ते म्हणाले. "आपण शेजारी आहोत. समजून घ्याल, असं वाटलं होतं."

भिंती चढत गेल्या. सात फूट, दहा फूट, आणि मार्गशीर्षात छताच्या खालचा पट्टा ओतला गेला तेव्हा चौदा. दक्षिणेकडे झुकलेलं थंडीतलं ऊन आईच्या खोलीत दुपारभर रेंगाळत असे. तिच्या पलंगावरून, सुजलेल्या गुडघ्यांवरून, भिंतीपर्यंत सरकत जाई. ते आता सिमेंटच्या ओल्या, राखाडी भिंतीपलीकडे राहिलं. खोलीला भर दुपारी गुहेसारखा थंड वास येऊ लागला. आई दोन शाली पांघरून बसू लागली, पण भांडण तिला नकोच होतं.

"कायले वाद घालतं वं?" ती म्हणाली. "इतक्या वर्सांनी घरी माणूस येऊ लागलं. माह्यासाठी ते तोडू नको. ऊन काय, मी गच्चीवर बशीन."

गच्चीच्या पायऱ्या चढणं तिला दोन वर्षांपासून जमत नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

त्या दिवसांत मला आजोबांची फार आठवण येई. त्यांची झोपडी त्यांच्या हयातीत तीनदा हलली होती. गावातल्या कुणाला गोठा वाढवायचा असे, कुणाला कडबा ठेवायला जागा हवी असे. एके दिवशी काटेरी कुंपण पुढे सरके आणि आजोबा चूल उचलून मागे सरकत. तक्रार करायची तर कुणाकडे, आणि कशाच्या आधारावर? वस्तीची रेघ कुठल्याच नकाशावर नव्हती. मी आरेखनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांनी माझी पहिली गुणपत्रिका नव्हे, माझा पहिला नकाशा मागून घेतला होता, आणि त्यातल्या हद्दीच्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं होतं. दहा फूट म्हणजे दहा फूट, समोर कोण आहे हे पाहून न बदलणारे, यात मला कोरडेपणा कधीच वाटला नाही. माझ्या लेखी जगातली ती सर्वांत मायाळू गोष्ट होती.

तक्रार लिहिण्याआधी मी टेप काढली आणि स्वतःच्या घराभोवती फिरले. मागच्या धुण्याच्या जागेवर आम्ही घातलेला पत्रा मोकळ्या सोडायच्या जागेत दोन फूट शिरला होता. दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून तो उतरवला. आईने दिवसभर अबोला धरला.

मग गल्लीच्या सोसायटीची बैठक झाली, सेक्रेटरींच्या व्हरांड्यात. मी विषय मांडला. आपसांत मिटवा, पोराच्या उमेदीचा प्रश्न आहे, असं पुष्कळांचं म्हणणं पडलं, आणि त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बंगल्यातले एक गृहस्थ, छताकडे पाहत, अगदी मृदू आवाजात म्हणाले, "यांना नियमांचं प्रेम असणारच. नियमांच्या आधारानेच तर मंडळी इथवर येतात."

कुणी हसलं नाही. मी सुमनताईंकडे पाहिलं. त्या हातातल्या बांगड्या फिरवत खाली पाहत होत्या.

"खरं आहे," मी म्हटलं. माझा आवाज कापला नाही, याचं मला आजही समाधान आहे. "नियमांच्या आधारानेच आलेय. त्यांच्याशिवाय इथे मला कुणी येऊ दिलं नसतं. म्हणून ते मोडताना मी गप्प बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेत जाऊन मी तक्रार नोंदवली.

बांधकाम खात्याचे तरुण अभियंते आले, त्यांनी दोन्ही घरं मोजली, गोगट्यांना नोटीस मिळाली आणि काम थांबलं. अर्धवट भिंतींवर लोखंडी सळया उघड्या राहिल्या. पौषातल्या धुक्यात त्या पानं झडलेल्या बोरूसारख्या दिसत. सुमनताई यायच्या बंद झाल्या. फाटकाशी समोरासमोर आलो की त्या पिशवीत काहीतरी शोधू लागत. रोज संध्याकाळी आई त्यांच्या खुर्चीची धूळ झटकायची आणि माझ्याकडे न पाहता आत जायची. मी बरोबर होते, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. पण बरोबर असण्याला इतका एकाकी वास असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माघात एका सकाळी फाटक वाजलं. निखिल उभा होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"काकू, सॉरी म्हणायला नाही आलोय," तो म्हणाला. "हेल्प हवीय. नियमात बसेल असं काही होऊ शकतं का?"

मी टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला केली, कागद पसरला, पेन्सिलीला टोक काढलं. लाकडाच्या त्या ताज्या वासासरशी बोटं आपसूक सैल झाली. गोगट्यांच्या गॅरेजवर मजला चढवता येत होता. मागच्या अंगाला खोली वाढवायलाही वाव होता, पारिजातक न तोडता. त्यांच्या प्लॉटवर अजून किती बांधता येईल, याचा हिशेब त्यांनी कधी करूनच पाहिला नव्हता. आठ दिवस निखिल रोज येत होता, आणि आम्ही खिडक्यांवरून कडाडून वाद घातला. उत्तरेचा उजेड संगणकाच्या पडद्यांवर चकाकत नाही, हे त्याला पटवायला मला दोन दिवस लागले.

शेवटच्या दिवशी कागदाची गुंडाळी करताना त्याने विचारलं, "तुम्हीच कंप्लेंट केली, आणि तुम्हीच हे करताय. का?"

"तुझं काम चुकीचं नव्हतं. जागा चुकीची होती."

तो हसला, पहिल्यांदाच.

त्यांच्या आर्किटेक्टने आराखडा रीतसर मंजूर करून घेतला. चैत्रात जुन्या भिंती उतरल्या. उन्हाची टोपी घालून गोगटे स्वतः दिवसभर उभे होते; एकेक वीट साफ करवून त्यांनी नव्या कामासाठी रचून ठेवली. माझ्याशी ते बोलले नाहीत. आजही बोलायची वेळ आलीच तर ते मला 'मेश्रामबाई' म्हणतात आणि त्यातला 'बाई' किंचित लांबवतात. ते मला मान्य आहे.

सुमनताई आल्या त्या आश्विनात. हवेत गवत वाळल्याचा गोडसर वास होता, आणि मी मागच्या अंगणात गुलाबाच्या कुंड्या बदलत होते. त्या व्हरांड्यात थांबल्या नाहीत, थेट मागे आल्या आणि धुण्याच्या दगडावर बसल्या.

"रागावलेय मी तुझ्यावर, वंदना," त्या म्हणाल्या. "अजून गेलेला नाही राग."

"माझाही गेलेला नाही," मी म्हटलं. "त्या बैठकीत तुम्ही गप्प बसलात."

मी मातीची ढेकळं फोडत राहिले. नवऱ्याचं, वयाचं, प्रसंगाचं कुठलंही निमित्त त्यांनी पुढे केलं नाही.

"हो," अखेर त्या म्हणाल्या. "बसले."

इतक्या वर्षांत त्या आल्या की मी लगबगीने उठत असे, धुतलेले कप पुन्हा धूत असे, त्यांना काही कमी पडू नये म्हणून धडपडत असे. आणि त्याला मी स्नेह समजत होते. तो स्नेह नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्यात कुठेतरी मी सतत परीक्षेला बसलेली होते, आणि या जवळजवळ वर्षभराच्या अबोल्यात ती परीक्षा केव्हा तरी, कुणाच्या नकळत, उठून गेली होती.

"चहा घेऊ या," मी म्हटलं, "पण माझे हात चिखलाचे आहेत. तुम्हीच टाका. पातेलं खालच्या फळीवर आहे."

त्या क्षणभर थांबल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात, जिथे त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं, गेल्या. भांड्यांचा आवाज आला, चुकीचा डबा उघडून पुन्हा लावल्याचा आवाज आला, आई काहीतरी बोलल्याचाही.

"अगं, साखर कुठे ठेवतेस?" आतून त्यांनी हाक मारली.

मी जागेवरून न उठता सांगितलं.