होडीला लावलेलं घोंगडं

ठकूने कोंडिबाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भाटघर धरणाच्या पाण्यात, आपल्या होडीत गुडघे टेकून, पत्र्याच्या डब्याने पाणी उपसत होता. उतारू होडीच्या कडा घट्ट धरून बसले होते आणि हा त्यांना सांगत होता, "भिऊ नगा! आत येतंय त्यापरीस म्या जास्त भाईर टाकतुया." वेल्ह्याच्या डोंगरातून मेंढरं पाण्यावर घेऊन आलेली ठकू काठावर पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर तिच्या ध्यानात आलं, की एकही उतारू बुडाला नव्हता.

कोंडिबा धनगराचाच पोर. पण मेंढरं सोडून त्याने ही जुनी लाकडी होडी धरली होती आणि भोरच्या बाजाराला जाणाऱ्यांना तो पल्याड सोडत असे. १९५५ च्या उन्हाळ्यात त्याच्या आईने, सोजराबाईने, ठकूला मागणी घातली. ठकूचा बाप सावळा याने पहिलाच प्रश्न टाकला, "मेंढी वर्साला विती. ह्याची होडी कंदी व्याली का?"

सावळ्याच्या मनात ठकूसाठी मानसिंग नावाच्या दुसऱ्या धनगराचं घर होतं. तिथं कळप मोठा. पण मानसिंगाचं नाव निघालं, की ठकूच्या हातची भाकरी करपू लागली. आठवडाभर करपलेलं खाऊन सावळा नमला. "बरं. त्यानं मला होडीतनं पल्याड न्यावं. पाय कोरडं ऱ्हायलं तर तितंच सुपारी फोडतो. भिजलं तर मानसिंग."

आणि नेमकी तेव्हाच होडी फुटली. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. तसल्या एका आंब्याच्या खुंटावर होडी चढली आणि तिच्या बुडाला वीतभर भगदाड पडलं.

कोंडिबाने होडी काठावर ओढून उपडी केली आणि भगदाडावर घोंगडं दुमडून खिळ्यांनी ठोकलं. सारा पावसाळा अंगावर घेणारं घोंगडं, ते काय पाणी आत सोडणार? होडी पाण्यात लोटली आणि ती बघता बघता खाली बसली.

मेंढरांमागून ठकू ओरडली, "अवो, घोंगडं पाऊस अडवतंय, कारण पानी त्याच्यावरनं वघळून जातंय! पान्यात बशिवलं तर तेबी पिनारच की!"

"मग करू काय?"

"त्याला आदी दुसरं कायतरी पाजा!"

कोंडिबाने डोकं खाजवलं आणि उठून गेला. भोरच्या रस्त्यावर काम चाललं होतं, तिथून डबाभर डांबर मागून आणलं. होडी उन्हात खडखडीत वाळवली, भगदाडाच्या कडा तासल्या. घोंगड्याचे तुकडे कढत डांबरात बुडवून एकावर एक चिकटवले, आधी बाहेरून, मग आतून. पाण्यात लोटल्यावर थेंब आत आला नाही.

ठरल्या दिवशी भर दुपारी सावळा आला. मेंढरांची लोकर कापायची कातर भोरात धार लावून आणायची, असं सांगून ठकूही होडीत चढली. सावळ्याने ठिगळ पाहिलं. त्याचा डांबरावर विश्वास नव्हता. तो सरळ ठिगळावरच मांडी घालून बसला. "आता बघू कसं येतंय पानी."

होडी पल्याड लागली. सोजराबाई सुपारी घेऊन उभी होती. "उतरा, पाव्हणं!"

"उतरतो की. वाईच बसू द्या."

"होडी लईच आवडली म्हनायची!"

सावळ्याच्या कपाळावर घाम आला. त्याने लेकीला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "ठके, म्या चिकाटलोय."

उन्हाने डांबर पातळ झालं होतं आणि सावळ्याचं धोतर त्यात रुतलं होतं. ठकूने कातर काढली.

"हलू नगा, आबा. मेंढरं हलत न्हाईत."

"बापाला मेंढरू म्हनतीस?"

"मेंढरू आसता तर कवाच मोकळं झाला आसता!"

मोकळा झालेला सावळा खांद्यावरची घोंगडी कमरेला गुंडाळून, सगळ्यांकडे तोंड करूनच खाली उतरला. आपल्या पायांकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"कोरडं हाईत," सावळा म्हणाला. "आना ती सुपारी."

धोतराचा तो तुकडा ठिगळावर तसाच राहिला. कोंडिबाने त्याच्यावरून डांबराचा आणखी एक हात फिरवला आणि त्याच होडीतून पुढे कित्येक वर्षं माणसं पार केली.

आता तो होडी चालवत नाही. ती त्याच्या परड्यात उपडी घातली आहे आणि तिच्याखाली ठकूच्या मेंढ्यांची नुकती जन्मलेली कोकरं असतात.