भिंतीवरचं बी

आई गेली वैशाखात. पौष लागला तेव्हा बाबांना अकोल्याला माझ्या घरी न्यायला म्हणून मी परतवाड्याजवळच्या आमच्या गावी गेले. "चला आता माझ्याकडं," म्हटलं तर म्हणाले, "तू म्हणशीन तसं." मला धस्सच झालं. जन्मभर कोणाचं म्हणून ऐकलं नाही या माणसानं!

घरामागच्या वाडीत आई दर हिवाळ्यात मेथी, मुळे, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हिरवी काटेरी वांगी पिकवायची. यंदा तिथं नुसतं गवत. बाबा तिकडं पाठ करून उन्हात बसायचे. जेवणही दोन घासांचं. अकोल्यात माझ्या गॅलरीत बसून हे करणार काय, आणि इथं एकटे ठेवले तर किती टिकणार, हाच घोर मला लागला होता.

निघायच्या दिवशी सकाळी मरणाची थंडी. बाबांनी माझ्या आंघोळीसाठी स्वतः चूल पेटवली. उभ्या जन्मात पहिल्यांदा! मी कौतुकानं बघायला गेले आणि किंचाळलेच.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी? आईचं बी जाळलं!"

वाडीतलं सगळ्यात चांगलं वांगं आई तोडायची नाही. झाडावरच पिवळं होऊ द्यायची आणि त्याचं बी शेणात कालवून मागच्या भिंतीला, वळचणीखाली थापून ठेवायची. कीड लागत नाही म्हणे. बाबांना वाटलं, असेल एखादी गोवरी. त्यांनी विस्तवात हात घातला, पण हाती आली ती राखच. मग तिथंच फतकल मारून ते ओक्साबोक्शी रडले. आई गेली त्या दिवशीही रडले नव्हते.

रडणं ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. बी जळल्याचं मी त्यांना सांगितलं.

"अवो भाऊजी, एवढ्यासाठी काहून रडून राह्यले? मागच्या साली हिच्या मायनंच तं मले बी देल्लं होतं!"

आणि घरी गेल्या त्या लगेच परत आल्या. पदरात दोन पिकली, पिवळीधमक वांगी.

बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. काकूंच्या गोठ्यातून शेण आणलं. "मी करते," म्हटलं तर मला चक्क बाजूला सारलं. वांगी फोडून बी काढलं, कालवलं, थापलं. कसलं वेडंवाकडं! आईनं हसून हसून पोट धरलं असतं.

"चला बाबा, गाडी जाईन."

"तू जाय. हे वाळाचं आहे अजून."

"वाळलं की मग याल ना?"

तशी ते माझ्यावर खेकसले, "अन् मिरगात रोप कोण टाकीन? तू?"

किती महिन्यांनी ओरडले माझ्यावर! मला इतका आनंद झाला, की डोळेच भरून आले. "जाय माय, मी आहो इथं," काकू म्हणाल्या. चुलीवरचं पाणी केव्हाच गार झालं होतं. मी तशीच, बिनआंघोळीची, एकटीच जाऊन एसटीत बसले.