माझ्याआधी झालेला माझा इंटरव्ह्यू

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मला काहीच पटत नाही. मी मेंटेनन्सचा माणूस. मशीन बंद पडलं की कारण असतंच, फक्त ते शोधावं लागतं. तरी हे लिहितोय, कारण या एका गोष्टीपुढे माझं डोकं चालत नाही.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. आयटीआय करून मी लासूर स्टेशनला घरी बसलो होतो. पाच इंटरव्ह्यू झाले, सगळीकडे एकच – अनुभव नाही. सहावा कॉल चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीचा आला, सकाळी दहाचा. हाही गेला तर मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ओळखीच्या आडतीवर बसायचं, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. मला ते अजिबात नको होतं.

शहागंजात माझ्या मामाचं लेथचं छोटं दुकान. तिथं मी जेमतेम तीन आठवडे काम केलेलं. मामानं सर्टिफिकेट मात्र दिलं दोन वर्षांचं! आदल्या दिवशी तो आमच्याकडेच मुक्कामाला होता, म्हणून सकाळच्या पॅसेंजरनं दोघं सोबत निघालो. गाडीत त्याची शिकवणी चालूच.

"दोन वर्षं म्हंजे दोन वर्षं. अडखळायचं नाय. लई विचारलं तर माझं नाव सांग."

दौलताबादला गाडी थांबली ती थांबलीच. का, ते कुणी सांगेना. दहा तिथंच वाजले. मामा निवांत डबा उघडून बसला, मी दारात उभा राहून सिग्नलकडे बघत होतो. शेवटी गाडी शहरात पोचली, मामा दुकानाकडे गेला आणि मी स्टेशनवरून रिक्षा करून कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते.

वॉचमन चाचांनी मला खालून वर पाहिलं. "अरे, तुम तो अंदर गए थे ना? बाहर कब निकले?"

"मी आत्ताच येतोय, चाचा."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. माझं नाव. गाव लासूर स्टेशन. वेळ नऊ चाळीस. पुढे सही – माझीच, खालच्या दोन टिंबांसकट.

ती सही मी पुन्हा पुन्हा पाहिली. मग संताप आला. कुणीतरी माझ्या नावावर नोकरी लाटतोय! तणतणत ऑफिसात शिरलो. पर्सोनेल ऑफिसरनी फायलीतून मान वर केली आणि चक्क हसले.

"कुठं गायब झालास? लेटर टाईप होईपर्यंत बस म्हटलं होतं ना? हे घे. सोमवारी जॉईन हो."

पुढे केलेल्या लेटरवर माझंच नाव होतं.

"खरं सांगू?" ते म्हणाले, "ते सर्टिफिकेट पाहून मी तुझं नाव काटणारच होतो. पण ते खोटं आहे, हे तू स्वतःहून सांगितलंस. मामाचा मायक्रोमीटर पाडून गुपचूप पेटीत ठेवला होतास, तेसुद्धा. मला चूक लपवणारा माणूस नको असतो."

मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं ते नाजूक उपकरण, मी खरंच पाडला होता. एका दुपारी, दुकानात एकटा असताना. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणालाही नाही.

'साहेब, तो मी नव्हतो' एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. लेटर घेतलं, पोच म्हणून सही केली आणि बाहेर पडलो.

तडक शहागंज गाठून मामाला सगळं सांगितलं. त्यानं पेटीतून मायक्रोमीटर काढून तपासला. रीडिंग चुकीचंच येत होतं.

"सकाळभर तू माझ्या शेजारी होतास, मी काय आंधळा हाय का?" मग भडकलाच. "आन् हे त्या सायबाला ठाव, मला नाय व्हय?"

सोमवारपर्यंत धड झोप लागली नाही. भीती एकच – गेटवर तोही येईल. तासभर आधी जाऊन समोरच्या टपरीवर उभा राहिलो, आत जाणारा एकेक चेहरा बघत. भोंगा झाला. कुणी आलं नाही. शेवटी मीच आत गेलो.

मित्र म्हणतात, कुणी तोतया असेल. असेलही. पण तोतया नोकरी मिळवून मला कशाला देईल? आणि मायक्रोमीटरचं त्याला कसं कळलं? इतकी वर्षं झाली, पत्ता लागलेला नाही.

मला मात्र दुसरंच टोचतं. गाडी वेळेवर पोचली असती तर मामानं शिकवलेलं घडाघडा म्हणून मी हात हलवत परत आलो असतो. खरं बोलायची माझी छातीच नव्हती. ज्याची होती, त्यानं मिळवलेल्या नोकरीवर मी घर बांधलं, मुलं शिकवली. तो कोण होता, मला आजही माहीत नाही.