बोरीखाली हरलो तेव्हा

अस्वल बोरीखाली मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, तेव्हा माझी नात त्याच्यापासून चार हातांवर होती. तिच्या ओटीतली बोरं खाली सांडली. मी तिच्या मागे विळा धरून उभी होते. सकाळीच आम्ही तिच्या शाळेतला खेळ खेळलो होतो. कागदावर प्राण्यांच्या जोड्या लावायच्या, कोणाचं वजन किती, नखं कशी, ते पुस्तकात पाहून लढाई ठरवायची, जिंकेल तो पुढच्या फेरीत. पुस्तकाप्रमाणे माझा बिबट्या तिच्या अस्वलाला पाहून निघून गेला आणि तिने तो हरला असं ठरवलं. मी भांडले, "मेला तं नाही न वं, मग हारला काऊन?" ती म्हणाली, "जो जागा सोडते तो हारते, आजी. मरा लागत नाही." आता खऱ्या अस्वलासमोर, मागे न पाहता ती पुटपुटली, "पळू नोको, आजी. ते आपल्याहून जोरात पळते. हळूहळू हारू." आम्ही एकेक पाऊल मागे सरकलो. अस्वल नाक फेंदारून हुंगत राहिलं. त्याचा उग्र वास माझ्या तोंडात उतरला होता. मग ते खाली बसलं आणि तिची सांडलेली बोरं खाऊ लागलं. अजूनही पिकल्या बोरांचा वास आला की मी आधी मागे सरकायला जागा आहे का ते पाहते. त्या दिवशी नात जगली, मी जगले, अस्वलही जगलं.