बाबांचा माफीनामा

माझे बाबा उज्जैनच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त होईपर्यंत शाळेचा झेंडा त्यांच्याच ताब्यात असायचा. तो ते स्वतः धुवायचे, सावलीत वाळवायचे, घडी घालून ठेवायचे. फाटलेला झेंडा फडकवायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. एकांतात, मानाने अग्नीला द्यायचा, हे त्यांनी आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत घरोघरी झेंडे लागले. ते कुणी उतरवलेच नाहीत. दिवाळीपर्यंत त्यांच्या चिंध्या झाल्या. एक तर गळक्या पाइपला गुंडाळलेला होता. बाबांना ते बघवेना. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते दारोदार गेले. "आपका झंडा फट गया है, मैं ले जाऊँ?" लोकांनी हसत काढून दिले.

बाबांनी ते सगळे धुतले. एका सकाळी गच्चीवर लोखंडी घमेल्यात एकेक घडी ठेवून जाळली आणि शेवटची विझेपर्यंत ताठ उभे राहिले. मी खाली पोळ्या करत होते. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी व्हिडिओ काढला. दुपारी तो कॉलनीच्या ग्रुपवर होता: रिटायर्ड मास्टर तिरंगा जला रहा है.

संध्याकाळी वीस-पंचवीस जण फाटकाशी जमले. बाबा शांतपणे नियम सांगू लागले.

"मास्टरजी, हमको मत पढ़ाओ," एकजण म्हणाला.

त्यांच्यात चार घरं सोडून राहणारे एक गृहस्थही होते. बाबा त्यांना म्हणाले, "आपने ही तो दिया था." ते मोबाइलमध्ये बघत राहिले.

लेखी माफी द्या, नाहीतर पोलीस ठाण्यात चला, असं ठरलं. मी घाबरले. बाबांचं बीपी, माझी शाळेतली नोकरी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मीच त्यांच्यासमोर कागद ठेवला.

"बाबा, लिहून द्या. संपेल."

"काय लिहू? मी काय केलंय?"

"काहीही लिहा. चूक झाली म्हणा."

शब्द फाटकापाशी उभ्या असलेल्यांनी सांगितले. 'मैंने राष्ट्रध्वज का अपमान किया' हे बाबांनी आपल्या सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं. 'अपमान' लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागदाचा फोटो निघाला, ग्रुपवर गेला, आणि लोक पांगले.

त्यानंतर बाबा घराबाहेर पडले नाहीत. सव्वीस जानेवारीला मी त्यांचा पांढरा सदरा काढून ठेवला. बाहेर लाउडस्पीकरवर गाणी सुरू झाली होती.

"मला नको नेऊस," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "तिथे मी कुठल्या तोंडाने उभा राहू?"

तुमची चूक नव्हती, हे तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं. मी सदरा परत कपाटात ठेवला. त्यांनी ते खरंच मानलं असेल का, की आपण अपमान केला? मला विचारायचं धाडस झालं नाही, आणि उन्हाळ्यात ते गेले.

तिसऱ्या दिवशी ते चार घरांपलीकडचे गृहस्थ भेटायला आले. सतरंजीवर बसून म्हणाले, "बड़े देशभक्त आदमी थे."

मी मान हलवली आणि त्यांना पाणी आणून दिलं.