वगळलेला परिच्छेद

वीज नियामकाच्या आमच्या अकोल्याच्या कार्यालयात ग्राहकांच्या तक्रारींचा निकाल लागतो. तिथे एक जुनी रीत होती. निकालाची प्रत वीज कंपनीला पाठवली, जावक क्रमांक पडला, की प्रकरण ‘अंमलबजावणी झाली’ या यादीत जायचे. जोडणी खरेच मिळाली का, हे पाहायला कोणी जात नसे. ती यादी मीच करत होते, तेव्हा दुसऱ्या कोणावर ढकलण्यात अर्थ नाही.

लेखापरीक्षकांनी आपल्या अहवालातल्या एका परिच्छेदात नेमके यावर बोट ठेवले. प्रत्येक निकालाची जागेवर जाऊन खातरजमा करा, अशी शिफारस त्यांनी केली. तिचे पुढे काय झाले ते तपासायला विधिमंडळाची समिती अमरावतीला येणार, असे पत्र आले.

त्याच सुमारास तिवशाजवळच्या खेड्यातली एक बाई दोन एसट्या बदलून आली. पिठाच्या चक्कीसाठी तिला वीजजोडणी द्या, असा निकाल लागून वर्ष उलटले होते. वीज नव्हती.

“निकाल झालाय ना तुमच्या बाजूने?” मी म्हटले.

“कागद तं मायाजोळ बी हाये, मॅडम. त्या कागदावर जवारी दळू का?”

पुढच्या रविवारी मी तिच्या गावी गेले. चक्की गोणपाटाखाली झाकलेली, खांबाचा पत्ता नाही. समिती येतेय, तुमचे काम तिथे नक्की निघेल, असे मी तिला सांगून आले. सांगायला नको होते.

सोमवारी समितीला द्यायच्या अहवालात मी ‘जोडणी नाही’ असे लिहिले. साहेबांनी ते खोडले.

“मॅडम, तुम्ही काय पंचनामे करून राहिल्या? तपासणीचं परिपत्रक काढलं ना आपण? झालं अनुपालन.”

“पण तपासलं कोणी?”

“तुम्ही गेल्या होत्या की.”

मी ‘अनुपालन झाले’ असे टाइप केले.

विश्रामगृहातल्या बैठकीत समितीच्या एका वयस्क सदस्यांनी विचारले, “जागेवर गेलं होतं का कोणी?”

“या आमच्या मॅडम स्वतः गेल्या होत्या,” साहेब म्हणाले.

“गेल्या होत्या, बाई?”

“हो सर.”

तिथे काय दिसले, हे त्यांनी विचारले नाही. मी बोलले नाही. विचारले तेवढेच सांगायचे, ही नोकरीत लागलेली सवय. त्या वेळी मला ती शिस्त वाटत असे. शिफारस पाळली गेली असे धरून लेखापरीक्षकांचा तो परिच्छेद वगळण्यात आला आणि चहा आला.

आठवड्याने ती बाई आली. “झालं का मॅडम?”

“नाही. मी बोलायला हवं होतं, बोलले नाही.”

“काहून?”

तिने नव्या तक्रारीचा अर्ज मागितला. हरलेल्याला वर अपील करता येते, पण निकाल बाजूने लागला असेल तर त्या विषयावर दुसरी तक्रार घेता येत नाही, हा नियम मला सांगावा लागला. आता विचारणारी समितीही उरली नव्हती.

“म्हंजे हारली असती तं बरं झालं असतं,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

मग एकदा तिचा फोन आला. चक्की तिने धामणगावच्या कोणाला तरी देऊन टाकली होती.

“आता कोनाले पाठवू नका,” ती म्हणाली. “पाहाले काई रायलं नाई इथं.”